अव्वा गेली अमेरिकेला, मी गेले निपाणीला

मी एकदा माझ्या आईला कागदावर ठणठणीत बरी केली. तिचा दमा काढून टाकला, रक्तदाब उतरवला, मिरजेला झालेलं डोळ्याचं ऑपरेशन झालंच नव्हतं असं ठरवलं आणि हनुवटीवरचा हरभऱ्याएवढा तीळसुद्धा पुसला. डॉक्टरांना वीस वर्षांत जे जमलं नव्हतं, ते मी शाईच्या पेनानं वीस मिनिटांत करून दाखवलं. तेव्हा मी चाळिशीत होते, टिळकवाडीतल्या मुलींच्या शाळेत शिकवत होते, आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत होती. आता ऐंशीच्या घरात आल्यावर ती समजूत गेली. सोबत बरेचसे दातही गेले. पण दात गेल्याचं दुःख जास्त आहे.

तर हे प्रवासवर्णन आहे, पण अमेरिकेचं नव्हे. अमेरिकेला गेली ती अव्वा. आम्ही आईला अव्वाच म्हणायचो. तिनं विमानात बसावं म्हणून जो प्रवास मी केला तो बेळगाव ते निपाणी आणि निपाणी ते बेळगाव. अमेरिका पाहून आलेल्यांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. विम्याच्या कागदासाठी निपाणीला जाऊन आल्याचं कुणी लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही.

टिळकवाडी

एकोणीसशे ऐंशीनंतरची ती वर्षं. माझा धाकटा भाऊ शांतू शिकागोच्या जवळपास कुठंतरी नोकरीला होता. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर त्याच्या बायकोला दिवस गेले होते आणि अव्वानं सहा महिने तिकडं राहावं असं दोघांच्या मनात होतं. अव्वाच्या तर मनात दुसरं काही उरलंच नव्हतं. आप्पा गेल्यावर ती निपाणीच्या घरात एकटी होती. नातवासाठी दुपटी शिवून शिवून तिनं घरातली सगळी जुनी लुगडी संपवली होती.

शांतूचं निळं पत्र आलं. ‘आक्का, विमा काढल्याशिवाय अव्वाला विमानात बसवू नकोस. इथं म्हातारं माणूस आजारी पडलं तर घर विकायची पाळी येते. माझ्या मित्राच्या वडिलांचं तसं झालंय. विमा नसेल तर तिला पाठवूच नकोस, मी मनाची समजूत घालीन.’

तिकीट काढून झालं होतं. जायला सोळा दिवस होते.

मी विम्याच्या ऑफिसातून फॉर्म आणला. चार पानी, इंग्रजी. तो उघडून पाहिला आणि मला एकदम हायसं वाटलं, कारण असले कागद मी भरपूर भरले होते. नाव, वय, उंची, शिक्षण, प्रकृती. हे तर स्थळासाठी पाठवायचं माहितीपत्रक! माझ्या तिन्ही नणंदांची लग्नं मी जमवली होती. धाकटीला चष्मा होता, मधलीला फीट यायची, आणि थोरलीच्या स्वभावाबद्दल आजही न बोललेलं बरं. तिघींच्या कागदांवर मी काय लिहायचं आणि काय नाही, हे नीट जाणून होते. माझं स्वतःचं लग्न तर पहिल्याच स्थळाला जमलं होतं. अव्वानं माझी बाजू चांगली मांडली म्हणून जमलं, असा माझा समज होता. म्हणजे कला आईकडूनच आलेली.

आमचे हे म्हणाले, ‘‘अगं, एकदा तिथं विचार तरी, काय काय लिहायचं असतं ते.’’

मी म्हणाले, ‘‘ह्यात विचारायचं काय? दोष दाखवला तर कुणी पत्करेल का?’’

यांनी पेपर तोंडासमोर धरला. आमच्या घरात वाद संपल्याची ती खूण.

निपाणी

शनिवारी अर्धी शाळा करून बस धरली. निपाणीत परका माणूस ओळखायला त्याचं नाव-गाव विचारावं लागत नाही. तो स्टँडवर उतरला की शिंकतो. गावभर तंबाखूच्या वखारी, त्यात बाया-माणसं जर्दा चाळत बसलेली आणि त्याची धूळ हवेत. गावकऱ्यांना त्याचं काही वाटत नाही. मी त्याच गावात वाढलेली, पण टिळकवाडीत वीस वर्षं राहून माझं नाक बाटलं होतं. उतरल्याबरोबर सात शिंका दिल्या. शेजारचा हमाल म्हणाला, ‘‘पाव्हण्या बेळगावच्या दिसत्यात.’’

आमचं घर तर वखारीला लागूनच. अव्वाचा दमा त्या वखारीनंच दिलेला. तंबाखूचा हंगाम आला की रात्रभर ती उशा रचून बसून झोपायची. पण घर सोडून माझ्याकडं राहायला ये म्हटलं की म्हणायची, ‘‘तुमच्याकडं हवा लई पातळ हाय.’’

मी पोचले तेव्हा शेजारची कमळाक्का डोळ्याला पदर लावून बसली होती. मला बघून तिनं हुंदकाच दिला. ‘‘सुमे, आईचा इमा काढायला आलीस व्हय गं? एवढं काय झालंय तिला?’’

आमच्याकडं तोवर विमा एकच माहीत. माणूस गेल्यावर बायकोला पैसे मिळतात तो. अव्वा निरशा दुधाचं पातेलं चुलीवर ठेवत म्हणाली, ‘‘मी मेल्यावर पैसं मिळायचं असतील तर मी कशाला सही करू? मला पोराचं बाळ बघायचंय.’’

‘‘अगं, हा जिवंतपणीचा विमा आहे,’’ मी म्हणाले. ‘‘तिकडं आजारी पडलीस तर दवाखान्याचा खर्च ते देतात.’’

कमळाक्काचे अश्रू थांबले. ‘‘मग माझाबी काढ की. माझं गुडघं दुखत्यात.’’

‘‘तुम्ही अमेरिकेला चाललाय का?’’

‘‘न्हाय. पण गुडघं हितंच दुखत्यात न्हवं?’’

तिला चहा देऊन वाटेला लावलं. अव्वा आमच्या जैन रिवाजाप्रमाणं दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायची. जेवणं झाली, आणि मी पाटावर फॉर्म ठेवून लिहायला बसले. व्यवसाय : गृहकृत्यदक्ष. ओळखीची खूण : शारीरिक व्यंग नाही. पूर्वीचे आजार : नाहीत. शस्त्रक्रिया : नाही. औषधं : घेत नाही. अव्वाच्या मागच्या फळीवर दम्याच्या औषधाच्या बाटल्या ओळीनं उभ्या होत्या. मी त्यांच्याकडं पाठ करून बसले. शेवटी ‘इतर माहिती’ अशी रिकामी जागा होती. रिकामी जागा सोडणं माझ्या मास्तरकीला पटेना. मी लिहिलं : ‘स्वभाव मनमिळाऊ. कोणत्याही कुटुंबात सामावून जाईल.’

‘‘सही कर अव्वा.’’

‘‘काय लिवलंयस?’’

‘‘तुझीच माहिती गं.’’

‘‘तू लिवलंयस न्हवं? मग झालं.’’ आणि तिनं चष्मासुद्धा न शोधता सही केली. सही कानडीत. तिचं माहेर चिकोडीकडचं, चार इयत्ता कानडीत झालेल्या. एकेक अक्षर रांगोळीच्या ठिपक्यासारखं बघून बघून काढायची.

हत्तरगीच्या अलीकडे

रविवारी दुपारी आम्ही दोघी बेळगावच्या बसमध्ये बसलो. सोमवारी आधी ऑफिसात फॉर्म द्यायचा आणि मग त्यांच्या डॉक्टरांकडून तपासून घ्यायचं, असं ठरलं होतं. स्तवनिधीचा घाट आला तशी अव्वानं देवळाच्या दिशेनं हात जोडले आणि मलाही कोपरानं ढोसलं. मीही जोडले. देवानं त्याच वेळी माझा कान धरायचं ठरवलं असावं.

संकेश्वरला मिरच्यांची दोन पोती, एक बोकड आणि जाड भिंगांच्या चष्म्याचे एक गृहस्थ बसमध्ये चढले. गृहस्थ आमच्या पुढच्या बाकावर बसले. बोकड सुदैवानं मागे गेला. मिरच्या मात्र आमच्या पायाशीच. पाच मिनिटांत अव्वाला खोकला सुरू झाला तो थांबेना. गृहस्थ उठले, त्यांनी तिला खिडकी दिली, आणि स्वतः मिरच्यांजवळ बसले.

‘‘दमा आहे काय अज्जी?’’ त्यांनी विचारलं. मराठी बोलत होते, पण आतून कानडी ऐकू येत होतं.

मी पटकन म्हणाले, ‘‘नाही नाही. मिरची गेली घशात.’’

अव्वा खोकता खोकता म्हणाली, ‘‘इस वरसं झाली दम्याला.’’

आणि हत्तरगीच्या अलीकडं बसचं चाक पंक्चर झालं.

सगळे खाली उतरले. सूर्य उसाच्या फडावर टेकायला आलेला. दुसऱ्यांना बेळगाव गाठायची काळजी, अव्वाला सूर्य मावळायची. तिनं रस्त्याकडेच्या दगडावर पदर झटकून बसकण मारली आणि गाठोडं सोडलं. दशम्या, शेंगाची चटणी, वस्त्रगाळ केलेलं पाणी. एकटीनं खायचं तिला माहीतच नव्हतं. कंडक्टरला हाक मारली, मिरचीवाल्याला हाक मारली. चष्म्याचे गृहस्थ लांब उभे होते, त्यांना म्हणाली, ‘‘या की वो. कांदा-लसूण न्हाय ह्यात, कुणालाबी चालतंय.’’

ते आले, रुमाल पसरून बसले, आणि दशमी खाता खाता त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘‘अज्जी, दम्याला औषध काय घेता?’’

झालं. अव्वाला तब्येतीवर बोलायला कुणी तरी भेटायचीच खोटी होती. दम्यापासून तिनं सुरुवात केली. मग रक्तदाब. मग मिरजेचं ऑपरेशन, त्या डोळ्याला बांधलेली पट्टी, शेजारच्या खाटेवरची बाई, त्या बाईच्या सुनेचं वागणं. मग कावीळ, ती कुणाच्या मुळीनं उतरली ते. मधेच माझी मास्तरकीही सांगून झाली. मिरचीवाल्यानंही आपलं मूतखड्याचं सांगून घेतलं. मी मागून ‘अव्वा, पुरे’ म्हणत होते. गृहस्थ मान हलवत ऐकत होते. इतकं मन लावून माझ्या वर्गातल्या एकाही मुलीनं माझं कधी ऐकलं नाही. शेवटी त्यांनी हात धुतले आणि म्हणाले, ‘‘दशमी फार छान, अज्जी.’’

अव्वा मला म्हणाली, ‘‘किती गुणाचा माणूस हाय बघ. तुमच्या बेळगावात असली माणसं असतील असं वाटलं न्हवतं.’’

बेळगाव, ऑफिस

सोमवारी मी इस्तरीचं पातळ नेसले आणि अव्वाला सकाळपासून पढवत नेलं. ‘‘तिथं तू काही बोलू नकोस. मी बोलेन. तू फक्त हस.’’ नणंदांना दाखवायच्या वेळी मी हेच सांगायची.

शिपायानं आम्हाला आतल्या खोलीत नेलं. टेबलामागं जाड भिंगांचा चष्मा होता. चष्म्यामागं कालचे गृहस्थ होते.

अव्वाला कोण आनंद झाला! ‘‘अगं बाई, तुम्ही? सुमे, आपलाच माणूस निघाला की गं!’’

माझ्या हातातला फॉर्म मला परत पर्समध्ये घालायचा होता, पण साहेबांनी हात पुढं केला होता. त्यांनी तो सावकाश वाचला. ‘ओळखीची खूण : शारीरिक व्यंग नाही’ वाचून त्यांनी अव्वाच्या हनुवटीकडं पाहिलं. तीळही त्यांच्याकडं पाहत होता. मग ‘पूर्वीचे आजार : नाहीत’. साहेबांनी फॉर्म खाली ठेवला.

‘‘टीचर, काल चाक बदलायला किती वेळ लागला?’’

‘‘पाऊण तास असेल,’’ मी म्हणाले.

‘‘पाऊण तास अज्जी आजार सांगत होत्या. तरी सगळे झाले नव्हते. मग ह्या कागदावरच्या अज्जी कोण? तुमच्या दुसऱ्या आई आहेत काय?’’

अव्वा हसायची थांबली. ‘‘सुमे, काय लिवलंयस त्यात?’’

साहेबांनीच तिला कानडीतून एकेक ओळ समजावून सांगितली. अव्वानं शेवटपर्यंत ऐकलं. मग एकच विचारलं, ‘‘ह्याच्यावर माझी सही हाय न्हवं?’’

चाळीस वर्षांत मला अनेकांनी अनेक शब्दांत झापलं असेल. इन्स्पेक्टर, मुख्याध्यापिका, सासू. पण त्या पाच-सहा शब्दांइतकं कुठलंच लागलं नाही. बघून बघून काढलेली ती अक्षरं माझ्यासमोर होती.

मी म्हणाले, ‘‘साहेब, खरं लिहिलं तर तुम्ही विमा नाकाराल. आणि विमा नसला तर तिला जाता येणार नाही. चौदा दिवस राहिलेत. नऊ वर्षांनी मूल होतंय त्यांना.’’

साहेबांनी चष्मा पुसला. ‘‘नाकारतीलही. वरच्या ऑफिसला विचारावं लागेल, माझ्या हातात नाही. पण हा फॉर्म घेऊन अज्जी गेल्या, आणि तिकडं पाय मोडला, तर तिथली माणसं निपाणीच्या डॉक्टरला पत्र घालणार. आधीचं काय होतं म्हणून. त्यांनी दमा लिहिला की हा कागद खोटा. मग दम्याचे नाहीत, पायाचेही पैसे नाहीत. तुमच्या भावाला कळणार कधी? दवाखान्यात.’’

‘‘आणि खरं लिहिलं तर?’’

‘‘मिळाला तर दमा सोडून बाकीचा मिळेल.’’

मी अव्वाकडं पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. दुपट्यांचं गाठोडं तिनं बांधून ठेवलं होतं, ते मला दिसत होतं. ती म्हणाली, ‘‘नवा कागुद द्या वो. न्हाय म्हणाले तर न्हाय. बाळाचा फोटू येईल की.’’

नवा फॉर्म मी भरला. अव्वा सांगायची, मी लिहायची. आजारांची जागा पहिल्या पाच मिनिटांत संपली. साहेबांनी जोडायला कोरा कागद दिला. तोही भरला. गोवर, कावीळ, हिवताप. ‘‘आन् सात वर्साची असताना आडात पडलते,’’ अव्वा म्हणाली.

‘‘अज्जी, आड नको,’’ साहेब म्हणाले. ‘‘आडाला जागा नाही.’’

‘‘मग नंतर म्हणशीला, सांगितलं न्हाय.’’

आड लिहिला. तीळही लिहिला.

त्यानंतर डॉक्टरकडं तिच्या छातीला वायरी लावल्या तेव्हा तिनं पट्टीवर उमटणाऱ्या रेघा पाहिल्या आणि डॉक्टरांना विचारलं, ‘‘ह्यात काय खोटं बोलता येतंय का वो?’’ ‘‘नाही आजी,’’ ते म्हणाले. ‘‘चांगलं हाय,’’ ती म्हणाली, माझ्याकडं न बघता.

परत निपाणी

अव्वाला परत पोचवून आले आणि वाट बघत बसले. रोज शाळा सुटली की ऑफिसात. साहेब मला बघून लांबूनच मान हलवायचे. आठ दिवस गेले. नवव्या दिवशी मान उभी हलली. कागद मिळाला, त्यावर ठसठशीत अक्षरांत टाइप केलेलं होतं : दमा व रक्तदाब वगळून.

त्याच संध्याकाळची बस धरून मी निपाणीला गेले. स्टँडवर नऊ शिंका. अव्वा ओसरीत होती. मी कागद वाचून दाखवला आणि वगळणं म्हणजे काय ते सांगितलं. तिनं दोनदा ऐकून घेतलं.

‘‘म्हंजे दमा हितंच ठेवून जायचं.’’

‘‘तसंच काहीसं.’’

‘‘मग कमळीपाशी ठेवून जाते. तिला इमा पायजेच हुता.’’

सोमवारच्या त्या सकाळनंतर अव्वा माझ्याशी पहिल्यांदा थट्टेनं बोलली. मी तिच्या हातची भाकरी आणि मटकीची उसळ पोट फुटेपर्यंत खाल्ली.

अव्वा गेली. गंमत अशी की दमा खरंच निपाणीत राहिला. शांतूच्या पत्रात ओळ असायची, ‘अव्वा एकदाही खोकली नाही.’ वखार नाही, जर्दा नाही, कुणाची धूळ लागणार? तिची स्वतःची पत्रं वेगळी. नात झाली, गोरीपान आहे, पण इथं संध्याकाळी साडेचारला अंधार पडतो आणि जेवण त्याच्या आधी उरकायचं म्हणजे दुपारचं पचायच्या आत रात्रीचं गिळायचं. पाणी गाळते ते बघून सुनेच्या मैत्रिणी हसतात. मग एका पत्राचं अक्षर शांतूचं. बर्फावर पाय घसरून अव्वाचं मनगट मोडलं होतं. ऑपरेशन करून पट्टी घातली होती.

त्या आठवड्यात निपाणीच्या डॉक्टरांना पत्र आलं. पेशंटचे पूर्वीचे आजार कळवा. डॉक्टरांनी सगळे कळवले. कागदाशी कागद ताडून पाहिला गेला, आणि दवाखान्याचा खर्च विम्यानं दिला. आड तेवढा डॉक्टरांना माहीत नव्हता, पण त्यावर कुणी अडून बसलं नाही.

सहा महिन्यांनी ती परत आली. शांतूच्या मित्रानं तिला मुंबईहून आणलं, मी निपाणीच्या स्टँडवर घ्यायला गेले. बसमधून उतरली, मनगटाला पट्टा, अंगात नातीच्या आजीचा तोरा. मी शिंका मोजत होते, पाचापर्यंत आले होते. तिनं गावची हवा छातीत भरून घेतली आणि खोकायला लागली. खोकता खोकता हसत म्हणाली, ‘‘आला गं परत. हितंच वाट बघत बसला हुता.’’

टांग्यात मी तिला शेवटी सांगून टाकलं, की तो फॉर्म मी स्थळाच्या कागदासारखा भरला होता. दोष दाखवला की नकार येतो हेच मला माहीत होतं. आणि हे मी तिच्याकडूनच शिकले, असं मला वाटत होतं, माझं लग्न तिनं ज्या हुशारीनं जमवलं त्यावरून.

अव्वा टांगा वखारीपर्यंत जाईस्तोवर हसत होती. मग डोळे पुसून म्हणाली :

‘‘सुमे, तुझ्या सासूनं मला इचारलं हुतं, पोरगी कशी हाय. मी म्हटलं, उलट बोलती, भाकरी जाड करती, सकाळी उठवली की घर डोक्यावर घेती, आन् आपल्यालाच सगळं कळतंय असं तिला वाटतंय. काय म्हंजे काय झाकलं न्हाय. तरी न्हेलंच न्हवं तुला? मग माझ्या दम्याला एवढं काय भ्यालीस गं?’’